‘गुडघे?’ : एका कौटुंबिक रहस्यकादंबरीच्या संपादनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा तो तिसरा खर्डा होता, १ लाख १२ हजार शब्दांचा. लेखिकेचं हे पहिलंच पुस्तक. पेशाने त्या हिशेबतपासनीस. त्यामुळे पात्रांची वयं, तारखा, घराचे कागद यांचा ताळा इतका चोख लागत होता की सुरुवातीला मला वाटलं, इथे आपल्याला फार काम नाही. (ओळख पटू नये म्हणून कथानकातल्या काही गोष्टी मी इथे बदलल्या आहेत. हे टिपण लेखिकेने वाचलं आहे आणि त्यांची हरकत नाही.)

गोष्ट अशी. ७१ वर्षांचे वडील, हृदय कमकुवत, मूत्रपिंडंही थकलेली. हृदयासाठी रोज डिजॉक्सिनची गोळी चालू. तीन मुलं. थोरला काही दिवसांसाठी घरी आलेला, मधली कायम वडिलांपाशी, धाकटी कधीमधी डोकावणारी. निवेदन मधलीचं, ‘मी’ म्हणून. एका सकाळी साडेसहाला थोरला वडिलांना उठवायला जातो. ते पलंगावर उताणे, हात छातीवर, चेहरा शांत. झोपेत गेले, असं सगळे धरून चालतात.

मग कपाटाच्या तळाशी एक वही सापडते. वहीत पानोपानी एकच सही, काकाची. पहिल्या पानावर ती चित्र काढावं तशी काढलेली, मध्येमध्ये पेन थबकल्याच्या शाईच्या गाठी. विसाव्या पानाशी वेग आलेला. शेवटच्या पानावर एका दमात, सराईत. काका परदेशी गेला आणि तिकडचाच झाला, असं घरात सगळ्यांना माहीत. प्रत्यक्षात तो तिकडे गेल्यावर वर्षभरातच वारला होता. ही बातमी फक्त वडिलांना कळली आणि त्यांनी ती गिळली. पुढची ११ वर्षं आजीला काकाची म्हणून जी पत्रं येत होती ती वडील लिहीत होते. आणि त्याच सहीने घरातला काकाचा वाटा वडिलांच्या नावावर झाला होता.

ही माया की लबाडी? लेखिका ठरवून देत नव्हती. त्या वहीसाठी मी हस्तलिखित ठेवून घेतलं.

अडचण

पहिल्या वाचनात मला दोन गोष्टी खटकल्या, तिसरी माझ्या डोळ्यांपुढून निसटली. दुर्दैवाने तीच मुख्य होती.

एक, निवेदिकेची फसवणूक. शेवटच्या प्रकरणात मधली कबूल करते की तिने तीन दिवस वडिलांना जादा गोळ्या दिल्या. आधीची चारशे पानं ती आपल्याशी मनातलं बोलते, वडिलांच्या आठवणीने रडते, कोणी केलं असेल म्हणून स्वतःच चक्रावते. म्हणजे ती एकटीच असताना, स्वतःच्या डोक्यातसुद्धा खोटं बोलत होती. वाचकाला इथे धक्का बसत नाही, राग येतो. पात्राने पात्राला फसवावं, वाचकाशी बोलताना गप्प राहावं, पण खोटं बोललं की करार मोडला.

दोन, रहस्य आणि मृत्यू यांची गाठ कच्ची होती. वही काढून टाकली असती तरी खून झालाच असता, कारण मधलीचा हेतू म्हणून लिहिलं होतं ते सेवा करून आलेला थकवा आणि जुने अपमान. घराचं गुपित सजावटीला होतं.

हे दोन मुद्दे लिहून मी हस्तलिखित न्यायवैद्यक शाखेतल्या एका निवृत्त डॉक्टरांकडे पाठवलं. खरं सांगायचं तर औपचारिकता म्हणून. औषधांची नावं, मात्रा एवढं नजरेखालून घाला, म्हटलं. आठ दिवसांनी पानं परत आली. समासात पेन्सिलने तुरळक खुणा होत्या. पलंगावरच्या त्या शांत चेहऱ्याच्या पानावर एकच शब्द होता: ‘गुडघे?’

मी फोन केला. त्यांनी मलाच उलट विचारलं, “हे गृहस्थ गेले केव्हा?”

“संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला. खुर्चीत बसल्या बसल्या.”

“आणि मुलीने त्यांना पलंगावर कधी नेलं?”

“पहाटे साडेपाचला.”

“मग ते सरळ कसे झोपले?”

मरणानंतर दोन ते चार तासांत स्नायू ताठरायला लागतात. ते आधी जबड्यात, चेहऱ्यावर जाणवतं, मग मानेत, हातापायांत. साधारण आठ ते बारा तासांत सगळं शरीर ताठ होतं, आणि एक-दीड दिवसानंतर हळूहळू सैल पडतं. खोली गार की गरम यावर हे आकडे मागेपुढे होतात, पण क्रम बहुधा हाच. म्हणजे दहा तास खुर्चीत राहिलेला माणूस पहाटे पलंगावर ठेवला तर तो खुर्चीच्याच आकारात राहणार. पाठ टेकेल, गुडघे वर राहतील. जोर लावून सरळ करता येतात, पण ते एका माणसाने करायचं सोपं काम नाही आणि करणाऱ्याला ते जन्मात विसरता येणार नाही.

शिवाय रक्त. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि जांभळट डाग पडतात. बसलेल्या माणसाच्या ते पोटऱ्यांत, पावलांत, लोंबत्या हातांत येतात. आठ-बारा तासांनी ते पक्के होतात. मग शरीर हलवलं तरी बहुतांशी तिथेच राहतात. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पाठीवर डाग हवेत. यांच्या पायमोज्यांखाली असतील. अंगावरची चादर बाजूला करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे पहिल्या मिनिटात दिसेल.

दुसरी खूण गोळ्यांच्या पानावर होती. कादंबरीत शवविच्छेदनात ‘रक्तातलं डिजॉक्सिन भरमसाट’ निघतं आणि तिथून खुनाचा तपास सुरू होतो. डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘रक्त कुठलं?’ डिजॉक्सिन हृदयाच्या स्नायूत मोठ्या प्रमाणात साठतं. मृत्यूनंतर ते तिथून झिरपून आसपासच्या रक्तात उतरतं. त्यामुळे हृदयातून घेतलेल्या रक्तात आकडा आपोआप फुगतो, एक गोळीही जादा दिली नसली तरी. म्हणून असं रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं असतं, जोडीला डोळ्यातला द्रव तपासता येतो. लेखिकेचा सगळा खून एका फुगलेल्या आकड्यावर उभा होता.

समोरचे पर्याय

आम्ही तिघं एका दुपारी बसलो. टेबलावर काय काय आलं ते जसं आठवतं तसं सांगतो.

सर्वांत सोपा पर्याय मीच मांडला: वडिलांना लगेच, साडेआठच्या आत पलंगावर न्यायचं. गुडघे सरळ, डाग पाठीवर, सगळं बिनबोभाट. एका परिच्छेदाची दुरुस्ती. लेखिका ठाम नाही म्हणाल्या. खुर्चीतल्या वडिलांसमोर बसून मधली रात्रभर काकाची पत्रं वाचते, ते प्रकरण पुस्तकातलं सर्वांत चांगलं होतं आणि माझ्या दुरुस्तीत ते मरत होतं. मला हे दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मी चूक मिटवायला बसलो होतो.

दुसरा पर्याय, विष बदलायचं. इन्सुलिनचं नाव निघालं. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात एका परिचारकाची बायको न्हाणीच्या टबात मृत सापडली होती. नितंबांवर सुयांच्या बारीक खुणा मिळाल्या, तिथल्या ऊतींतून इन्सुलिन वेगळं काढलं गेलं आणि नवऱ्याला शिक्षा झाली. आता तर तपास आणखी नेमका होतो: शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा बरोबरीने सी-पेप्टाइड तयार होतं, सुईतल्या इन्सुलिनबरोबर ते येत नाही. इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य, तर ते बाहेरून आलं. डॉक्टर रंगात येऊन सांगत होत्या, मी टिपून घेत होतो. लेखिका शांतपणे म्हणाल्या, “पण मग मधलीने सुई आणली कुठून, लपवली कुठे, हेच शंभर पानं होईल. ही बाई अशी नाही.” त्यांचं बरोबर होतं. विष बदललं की बाई बदलते.

तिसरा पर्याय, डिजॉक्सिन ठेवायचं आणि शास्त्र दुरुस्त करायचं. मांडीतलं रक्त, दुसरा नमुना, योग्य आकडा. मी याच्या बाजूचा होतो आणि तो दिवस मी जिंकलो. त्याबद्दल पुढे.

काय केलं

चौथा खर्डा तिसऱ्या पर्यायाप्रमाणे झाला. दोन महिने गेले. शास्त्र बिनचूक झालं, पण पुस्तक मरगळलं. शवविच्छेदन करणारं पात्र अकरा पानं बोलत होतं. माझ्याच टिपणातली वाक्यं त्याच्या तोंडी बघून मला ओशाळल्यासारखं झालं. निवेदिका अजून खोटं बोलतच होती. वही अजून सजावटीलाच होती. मी एका दोषाची दुरुस्ती करवून घेतली होती आणि बाकीचे दोन तसेच ठेवले होते.

वळण लेखिकेच्या एका साध्या प्रश्नाने आलं. त्यांनी डॉक्टरांना परस्पर विचारलं: कोणी जादा गोळी दिलीच नाही, तर आकडा कशाने वाढेल?

उत्तर घरोघरी असू शकतं असं होतं. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं प्रतिजैविक आतड्यातून आणि मूत्रपिंडातून डिजॉक्सिन बाहेर टाकणारी वाट अडवतं. रोजची गोळी तीच, पण शरीरात साठत जाते, थकलेल्या मूत्रपिंडात जास्तच. रक्तात दर मिलिलिटरला ०.५ ते २ नॅनोग्रॅमच्या पट्ट्यात राहायला हवं ते काही दिवसांत ओलांडतं. आधी भूक मरते, मळमळ, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं. नाडी मंद किंवा अनियमित. आणि काहींना सगळं पिवळट दिसतं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये डिजिटॅलिसवर, म्हणजे डिजॉक्सिन ज्या कुळातून मिळतं त्या वनस्पतीवर, जे पुस्तक लिहिलं त्यात वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसण्याची नोंद आहे. वेळेत रुग्णालयात नेलं तर यावर उतारा आहे, डिजॉक्सिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडं टोचतात.

पाचव्या खर्ड्यात कोणी कोणाला मारत नाही. वडिलांना खोकला होतो, वेगळेच डॉक्टर प्रतिजैविक लिहून देतात, आणि मधली ते अगदी वेळेवर देते. वारांचे कप्पे असलेल्या डबीत दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी. तिसऱ्या दिवशी वडील जेवण नको म्हणतात. चौथ्या दिवशी खिडकीकडे बघून विचारतात, “भिंत पुन्हा रंगवलीस का गं?” मधली हे आपल्याला म्हाताऱ्या माणसाचा विक्षिप्तपणा म्हणून सांगते, किंचित वैतागून. त्याच दुपारी तिला वही सापडलेली असते.

आणि ती फोन करत नाही. वडील ओकतायत, नाडी बिघडलीय, हे तिला दिसतं. ती वरच्या खोलीत वही घेऊन बसते. चार तास. ज्या माणसासाठी तिने आपली वीस वर्षं घातली तो माणूस कोण, हेच तिला त्या दुपारी कळेनासं झालेलं असतं. आता वही काढली तर मृत्यूच होत नाही. गाठ बसली.

निवेदनाचा प्रश्नही त्यातच सुटला. मधलीने खोटं बोलायची गरजच उरली नाही, तिने फक्त वेळ गाळायची. पाचव्या खर्ड्यातली दोन वाक्यं इथे देतो, लेखिकेच्या परवानगीने: ‘आठ वाजता मी दिवा लावला. साडेपाचला मालवला.’ मध्ये काहीच नाही. वाचणारा पुढे सरकतो. दीडशे पानांनी त्याला कळतं की त्या दोन वाक्यांच्या फटीत साडेनऊ तास होते आणि खुर्चीत वडील होते.

गुडघ्यांचं काय केलं? ठेवले. चूक होती तीच खूण केली. थोरला सकाळी साडेसहाला खोलीत जातो तेव्हा चादरीखाली गुडघ्यांचा उंचवटा असतो. त्याला वाटतं, बाबा पाय दुमडून झोपलेत. तो गुडघ्यावर हात ठेवून हलकेच दाबतो, आपण झोपलेल्याला उठवताना दाबतो तसा, आणि अख्खा देह पलंगावर डुलतो. त्याला कळतं. तरी तो बोलत नाही, कारण चौकशी झाली तर घराचे कागद निघतील, आणि ते कागद काय सांगतात हे त्याला बहिणीच्या आधीपासून माहीत असतं. घरी आलेले डॉक्टर मात्र चादर बाजूला करतात, पोटऱ्या बघतात आणि दाखल्यावर सही करायला नकार देतात. तिथून शवविच्छेदन, हृदयातल्या रक्ताचा फुगलेला आकडा, धाकटीचा बहिणीवरचा उघड आरोप, मग मांडीतल्या रक्ताचा दुसरा आकडा, ३च्या आसपास, ज्याने ना कोणी दोषी ठरतं ना कोणी सुटतं. अकरा पानांचं व्याख्यान दोन पानांवर आलं.

खऱ्या घराचा प्रश्न

पाचवा खर्डा पुरा होत आला असताना लेखिकेने सांगितलं की पत्रांची गोष्ट त्यांच्या घरातली आहे. मृत मुलाच्या नावाने आजीला पत्रं खरंच लिहिली गेली होती. घराच्या वाट्याचा भाग तेवढा रचलेला. म्हणजे आता पुस्तक वाचून एखादा नातेवाईक लिहिणाऱ्याला ओळखणार आणि त्याने न केलेल्या लबाडीचा शिक्काही त्याच्यावर बसणार.

खरं आणि रचलेलं असं शिवलं गेलं की सर्वांत जास्त दुखतं ते रचलेलं. आम्ही तीन गोष्टींचा विचार केला: पत्रंच काढणं (मग पुस्तक उरत नव्हतं), वाट्याचा भाग काढणं (मग थोरल्याच्या मौनाला कारण उरत नव्हतं), किंवा घरच्यांना आधी वाचायला देणं. लेखिकेने हस्तलिखित मोठ्या बहिणीला दिलं. तीन आठवडे काही उत्तर नाही. मी छपाईची घाई करत नव्हतो असं म्हणणं खोटं ठरेल. मी दोनदा आठवण केली, दुसऱ्यांदा जरा कडक शब्दांत, आणि लेखिकेने तितक्याच कडक शब्दांत मला गप्प केलं. शेवटी बहिणीची पानं आली. तिने एका पत्रातलं एकच वाक्य खोडलं होतं, ते खऱ्या पत्रातून जसंच्या तसं घेतलेलं होतं. पत्रं लिहिणाऱ्या पात्राचा नात्यातला क्रमही बदलून हवा होता. दोन्ही केलं.

निष्पत्ती

पुस्तक ८४ हजार शब्दांवर थांबलं आणि ठरल्यापेक्षा आठ महिने उशिरा निघालं. वाचकांचे दोन तट पडले. एका गटाला शेवटी गुन्हेगार हवा होता आणि तो न मिळाल्याने ते चिडले. रहस्यकथा म्हणून विकत घेतली, त्यांचा राग मला समजतो, आणि मलपृष्ठावरचा मजकूर मी लिहिला होता त्यामुळे त्यात माझाही वाटा आहे. दुसऱ्या गटातले लोक लेखिकेला पत्रं लिहून विचारतात की मधली दोषी आहे का. त्या उत्तर देत नाहीत.

आता केलं तर

डॉक्टरांना मी तिसऱ्या खर्ड्यावर नाही, आराखड्यावर बोलावेन. आधी रचना, मग भाषा, तपशील शेवटी, हा माझा वीस वर्षांचा क्रम. कौटुंबिक कादंबरीत तो चालतो. जिथे एक देह मधोमध पडलेला आहे तिथे नाही, कारण तिथे रक्त कुठे साचलं यावर प्रकरणांचा क्रम ठरतो. आणि तपासायला देताना ‘औषधांची नावं बघा’ असं सांगणार नाही. एक कागद देईन, त्यावर मृत्यूपासूनचे तास, प्रत्येक तासाला देह कुठे आणि कोण त्याच्याजवळ. लेखिका हिशेब तपासणाऱ्या, असा तक्ता त्यांनी अर्ध्या तासात केला असता. मी मागितलाच नाही.

घरातलं खरं किती, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारेन. तो विचारायला मला संकोच वाटतो, अजूनही.

चौथा खर्डा मात्र पुन्हाही होऊ देईन, असं वाटतं. दोन महिने वाया गेले हे खरं, पण शास्त्र अंगवळणी पडलं होतं म्हणूनच ‘कोणी जादा गोळी दिलीच नाही तर?’ हा प्रश्न लेखिकेला सुचला. याबाबत त्यांचं मत माझ्यापेक्षा बरंच कठोर आहे.

पुस्तक छापून आल्यावर एक प्रत डॉक्टरांना पाठवली. पंधरा दिवसांनी ती तशीच माझ्या टेबलावर परत, आत एक पान दुमडलेलं. पहाटे साडेपाचला मधली वडिलांना पलंगावर ठेवते आणि त्यांचं उघडं राहिलेलं तोंड हलक्या हाताने मिटते, ते पान. समासात पेन्सिलने एक शब्द: ‘जबडा?’

दुसऱ्या आवृत्तीत तोंड उघडंच राहील.